मावशीची बाटली

रविवारी सकाळी इनासचा डावा डोळा उघडेचना. उजवा उघडला, तेव्हा आरशात डाव्याची दशा दिसली. पापणी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली होती आणि कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत जबड्याच्या कडेने लाल चट्टा उमटला होता. खाज तर अशी सुटली होती की तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आंबा!" आई दारातूनच म्हणाली. आईला, म्हणजे हज करून आलेल्या हाज्जा करीमानला, दुखण्याचं कारण सांगायला दुखणाईत माणूस नीट बघावाही लागत नसे. "किती वेळा सांगितलं, इस्माइलियाच्या आंब्याला चीक असतो, दातांनी सोलू नकोस. ऐकतंय कोण? एवढी शिकली, अजून आंबा खाता येत नाही."

"आंबाच असणार," इनास म्हणाली.

इतक्या झटकन खोटं बोलता आलं याची तिला लाजच वाटली. आईने टेबलावरची आंब्याची टोपली उचलली आणि शेजारणीकडे देऊन आली. इनासची पाच वर्षांची मुलगी सिद्रा आंब्यांसाठी भोकाड पसरून बसली. तिचा बाप जहाजावर, त्यामुळे तिची समजूत काढायचं काम आजीकडेच असे. इनासने मोठा काळा चष्मा चढवला, हिजाब हनुवटीपर्यंत पुढे ओढून टाचणी लावली आणि इब्राहिमियाच्या थांब्यावर ट्रामची वाट बघत उभी राहिली.  हे आंब्याचं नाही, हे तिला ठाऊक होतं; काल सुट्टी असूनही ती दिवसभर प्रयोगशाळेत होती. फक्त ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं होतं, आणखी थोडे दिवस.

इनास ज्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होती, तिथे प्रथिनांचे छोटे तुकडे बनवत. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडत न्यायची, माळेत मणी ओवावेत तशी. पण ही आम्लं स्वतःहून एकमेकांचा हात धरत नाहीत. मध्ये कुणीतरी पडावं लागतं. ते काम करायचं डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड. एवढं नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. कागदावर ते डीसीसी होतं आणि मुलींच्या तोंडी 'मावशी'. लग्न जुळवणारी मावशी! दोघांना एकत्र आणायचं, त्यांच्यामधलं पाणी तेवढं स्वतः पिऊन टाकायचं आणि पांढरी भुकटी होऊन तळाशी बसायचं. याहून चांगली, सभ्य औषधं आता निघाली आहेत. ती मागवली होती, आणि ती बंदरावर जकातवाल्यांच्या गोदामात आराम करत होती. तोवर मावशीच.

मावशीचा एकच दुर्गुण. तिला कुठे थांबावं ते कळत नाही. कातडीला लागली तर तिथल्याही प्रथिनांच्या सोयरिकी जुळवायला बसते. पहिले कितीतरी महिने काही होत नाही. मग एक दिवस शरीर तिला ओळखायला लागतं, आणि एकदा ओळखलं की जन्मभर विसरत नाही. त्यानंतर तिचा कणसुद्धा पुरतो. आधी चट्टे, मग सूज, आणि एखाद्या दिवशी गळा बंद.

गळा बंद झालेला माणूस या प्रयोगशाळेने पाहिला होता. राउफ त्याचं नाव. हातावरचे फोड लपवत राहिला आणि एके दुपारी बाटली उघडताच निळा पडला. लिफ्ट बंद होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रागियाबाईंनी त्याला खुर्चीत बांधून दोघांच्या मदतीने जिन्यावरून खाली नेलं. वाचला. आता विमा विकतो. या इमारतीच्या दारातही पाऊल ठेवत नाही.

तेव्हापासून डॉक्टरबाईंनी दोन नियम घातले. बाटली उघडण्याआधी मोठ्याने ओरडायचं, "मावशी उघडते गं!" म्हणजे बाकीच्यांनी लांब व्हायचं. आणि दर रविवारी, आठवड्याच्या कामाच्या पहिल्या दिवशी, हात दाखवायचे. शाळेतल्या मुलांनी नखं दाखवावीत तसे सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं, आणि डॉक्टरबाई बोटांच्या बेचक्यांपासून मनगटापर्यंत कातडी उलटसुलट करून बघणार. ज्याच्या हातावर जरा लाली दिसली, त्याला प्रयोगशाळा बंद, कायमची. रडून, गयावया करून उपयोग नाही.

प्रयोगशाळेत सध्या चौघीच होत्या, सगळ्या मुलीच. मुलगे औषध कंपन्यांकडे पळाले होते.

"हात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

इनासने हात पुढे केले. स्वच्छ, कोरडे, एक डाग नाही. 

"शाबास. हातमोजे नीट वापरतेस तू," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग तिच्या तोंडाकडे बघून, "हा काळा चष्मा कशाला? सिनेमात काम मिळालं का?"

"आंबा बाधला, डॉक्टरबाई."

"मला दे राहिलेले आंबे," शेजारची नूरहान म्हणाली. "मला काही बाधत नाही. मी दगड पचवते."

सगळ्या हसल्या. इनासही हसली, आणि हसताना जबड्याची कातडी ताणली जाऊन डोळ्यांत पाणी आलं. काळ्या चष्म्याचा तेवढा उपयोग झाला.

तिचं काम आता अगदी शेवटाला आलं होतं. माळेचे दोन अर्धे भाग तयार होत होते. आठवडाभरात ते पूर्ण व्हायचे, मग एकदाच ते दोन एकमेकांना जोडायचे की प्रबंधाचं सगळं काम संपलं. मुदत संपत आली होती. इथे मुदतीत पीएचडी झाली नाही, तर शिकवायची नोकरी जाते आणि माणसाला दप्तरात पाठवतात, शिक्के मारायला. इनासची एक वर्गमैत्रीण तळमजल्यावरच्या तसल्याच एका खिडकीत बसायची. येता-जाता इनास तिच्याकडे बघणं टाळायची. ती दोन वर्षं दप्तरात होती आणि अजून रसायनशास्त्राची पुस्तकं टेबलावर ठेवून बसायची.

'एकच आठवडा,' इनास स्वतःला बजावत राहिली. गुरुवारपर्यंत रोज तिने बाटली उघडली. उन्हाळ्यात मावशी बाटलीत आपोआप मऊ पडते, मेणासारखी. हिवाळ्यात कोमट पाण्यात धरावी लागते, जुलैत नुसती उघडायची. दुहेरी हातमोजे, वाफा ओढून घेणाऱ्या हूडची काच निम्म्यावर खाली, श्वास रोखलेला. तरीही संध्याकाळी चट्टा कानामागे सरकलेला असे. हातांवर मात्र काही नाही. हेच तिला कळेना. मावशी हाताला सोडून गालापर्यंत जातेच कशी?

हे न कळल्यामुळे तिने मनात एक चोरटी आशा धरली. कोण जाणे, आंबाच असेल!

शुक्रवार-शनिवार सुट्टी होती. शुक्रवारी आई नमाजानंतर सिद्राला घेऊन बहिणीकडे गेली, तशी इनास खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून आंबे घेऊन आली. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून तिने ते दातांनी सोलले. चीक मुद्दाम ओठांना, गालांना लावला. रस कोपरापर्यंत ओघळला. एखादी बाई अंगावर पुरळ उठावं म्हणून देवाची करुणा भाकते, हे कुणी पाहिलं असतं तर तिला वेड लागलं असं म्हटलं असतं. 'उठू दे रे बाबा,' ती मनात म्हणत होती. 'माझं सगळं तोंड भोपळ्याएवढं सुजू दे. फक्त ते आंब्याने सुजू दे.'

शनिवारी सकाळी ती आरशापुढे गेली. तोंड लख्ख. पापणी जागेवर, जबड्यावरचा चट्टा फिकट. ती तिथेच न्हाणीच्या काठावर बसली. दीड दिवस प्रयोगशाळेपासून लांब राहिली आणि बरी झाली. आता स्वतःची समजूत काढायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. नेहमीची हाक नव्हती ती.

सिद्रा पलंगावर उठून बसली होती. तिचा उजवा गाल आणि डोळा सुजून एक झाला होता. ती दोन्ही मुठींनी डोळा चोळत होती आणि रडत होती.

"बघ! आंबा!" आई म्हणाली, पण तिचाही आवाज चाचरला. "पण... हिला तर मी आंबा दिलाच नाही गं. घरात आंबे होतेच कुठे?"

इनास पोरीजवळ गेली आणि थबकली. सिद्राच्या मांडीवर इनासचाच निळा हिजाब होता. गुरुवारी प्रयोगशाळेतून आल्यावर तिने तो खुंटीला टांगला होता.

"हा हिच्याकडे कसा?"

"कसा म्हणजे? रोजच घेते," आई म्हणाली. "तू उशिरा येतेस, पोर झोपत नाही. मग तुझा वापरलेला हिजाब तोंडाखाली घेऊन झोपते. धुतलेला दिला तर फेकून देते. तुझा वास पाहिजे तिला. पण त्याचं आता काय?"

 इनासच्या डोळ्यांपुढे स्वतःचाच हात आला, दुहेरी हातमोजा घातलेला. हूडमध्ये वाकून काम करताना हिजाब कपाळावरून घसरतो. टाचणी ढिली होते. मग तो हात वर येतो, कानाशी कापड आत खोचतो, हनुवटीखालची घडी सारखी करतो आणि परत कामाला लागतो. दिवसातून कितीदा? तिला कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. केस बाहेर आले की हात वर जातो, झोपेतसुद्धा जातो. हातमोज्याने हात वाचवला होता आणि मावशीला उचलून गालावर नेऊन ठेवलं होतं. तिथून कापडात, कापडातून घरी, आणि घरी पोरीच्या तोंडाखाली.

तिने हिजाब सिद्राच्या मांडीवरून ओढून घेतला. पोर किंचाळली. आजी म्हणाली, "अगं, काय करतेस?" इनासने तो पिशवीत कोंबला, पिशवीला गाठ मारली, हात कोपरापर्यंत घासले, पोरीचं तोंड साबणाने धुतलं आणि तिला उचलून, आईला घेऊन मुलांच्या दवाखान्यात धावली.

डॉक्टर म्हातारे, थट्टेखोर. त्यांनी सिद्राचा डोळा बघितला आणि विचारलं, "काय खाल्लं राणीसरकारांनी?"

"आंब्याच्या टोपलीजवळ बसली असेल," आजी म्हणाली. "आमच्या घरी सगळ्यांनाच आंबा बाधतो."

डॉक्टर मान हलवून लिहायला लागले. इनासला फक्त गप्प राहायचं होतं. औषध तेच मिळालं असतं. उद्या ती प्रयोगशाळेत गेली असती, हात दाखवले असते, आणि एक-दोन दिवसांत शेवटची जोडणी झाली असती. पण आंबा लिहिला गेला तर पुढच्या वेळी पोरीचा गळा सुजल्यावर सगळे आंबा शोधत बसणार.

"आंबा नाही," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालंय. माझ्या कामातलं औषध आहे. माझ्या कपड्यांतून गेलं."

आईने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुझ्या तोंडाचंही..."

"हो."

"आणि मी टोपली देऊन टाकली," आई म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. टोपलीसाठी ती रडत नव्हती, हे दवाखान्यातल्या बाकावरच्या परक्या बायांनाही कळलं. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, इनासला त्या औषधाचं नाव पुन्हा पुन्हा विचारून नीट उतरवून घेतलं आणि बजावलं, "ह्या पोरीजवळ ते परत आणायचं नाही. तुम्ही तर त्याच्या खोलीतसुद्धा जायचं नाही. कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ लागली. "हात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हात नका बघू," इनास म्हणाली. "दार लावून घ्या."

"का?"

"लावा तर आधी."

नूरहानने दार लावलं. इनासने टाचणी काढली, हिजाब उतरवला आणि मान वळवून दाखवली. कानामागे, केसांच्या मुळाशी, कातडी अजून लाल आणि खरबरीत होती.  डॉक्टरबाईंचे स्वतःचे केस आखूड, पिकलेले आणि कायम उघडे. त्या जवळ आल्या, चष्मा नाकावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हातावर तर काहीच नाही," त्या अखेर म्हणाल्या.

"हात मोज्यात असतो, डॉक्टरबाई. पण त्याच मोज्याने आम्ही हे सारखं करतो." तिने हिजाब उचलून दाखवला, आणि मग सिद्राचं सांगितलं. 

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. "इतकी वर्षं मी हात बघतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यातच आलं नाही."

मागून टाचणी पडल्याचा आवाज झाला. नूरहान हिजाब सोडत होती. तिच्या हनुवटीखाली पट्टाच्या पट्टा लाल होता.

"मला वाटलं घामोळं असेल," दगड पचवणारी नूरहान हळूच म्हणाली. "म्हणजे... वाटलं नाही. म्हणत होते."

तिसरीने साबण बदलून पाहिला होता. चौथीच्या मानेवर काही नव्हतं, पण ती सगळ्यांत जोरात रडत होती. प्रत्येकीने आपापला आंबा शोधून ठेवला होता आणि एकाच बाकावर काम करताना एकमेकींपासून लपवला होता. डॉक्टरबाई एकीवरही ओरडल्या नाहीत. त्याने मुली जास्तच घाबरल्या.

"कुणीही आत यायचं नाही," त्या म्हणाल्या. "इनास, तुझे दोन्ही भाग तयार आहेत ना? शेवटची जोडणी मी करते. उद्या."

"तुम्ही?"

"का? तुझ्या जन्माआधीपासून मावशी आणि मी एकमेकींना ओळखतो."

सोमवारी इनास व्हरांड्यात, बंद दाराच्या काचेबाहेर उभी राहिली. आत हूडचा पंखा घरघरत होता. डॉक्टरबाईंनी अॅप्रन चढवला, दुहेरी हातमोजे घातले आणि रिकाम्या खोलीला उद्देशून, सवयीने, ओरडल्या, "मावशी उघडते गं!" इनासला हसू आलं. बर्फात थंड केलेल्या मोठ्या चंबूत त्यांनी मावशी विरघळवली. मग छोटा चंबू हातात घेतला. त्यात तिचे दोन्ही भाग होते, सगळेच्या सगळे, मागे काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. पाच महिन्यांचं काम तळाला जेमतेम हलत होतं. डॉक्टरबाई तो मोठ्या चंबूवर सावकाश वाकवायला लागल्या.

घामाने त्यांचा चष्मा घसरला. दुसरा हात, मघाशी मावशीची बाटली धरलेला, ओला हातमोजा घातलेला, वर निघाला.

इनासने तो हात पाहिला. ओरडून पंख्यात ऐकू जाणार नव्हतं. काच बडवली तर बाई दचकणार, आणि दचकल्या तर चंबू. तो रिता व्हायला थोडाच वेळ हवा होता. चष्मा, नाक, डोळा, फार तर एक चट्टा. म्हाताऱ्या कातडीला कदाचित तोही नाही. हे सगळं तिच्या मनात आलं, आलं नाही असं ती पुढे कधीच म्हणाली नाही. हात हनुवटीपर्यंत पोचला होता.

तिने दोन्ही तळव्यांनी काच बडवली.

डॉक्टरबाई दचकल्या. छोटा चंबू निसटला आणि हूडच्या फरशीवर फुटला. काचेमागून त्याचा आवाजही आला नाही.

डॉक्टरबाईंनी खाली पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मग तोंडाशी अडकून राहिलेला स्वतःचा हात पाहिला. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हूडची काच खाली ओढली, हातमोजे उलटे करून उतरवले, हात धुतले, तोंड धुतलं आणि बाहेर आल्या. इनास भिंतीला टेकून खाली बसली होती. 

डॉक्टरबाई तिच्या शेजारी, फरशीवरच, बसल्या.

"जरा थांबली असतीस तर झालं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"पाच महिने ना?"

"पाच." एवढं बोलून इनासला रडू फुटलं. दप्तराची खिडकी तिला अगदी स्पष्ट दिसत होती.

"मुदतवाढ मागू. त्यांना कारण लागेल. मी सांगेन, चूक प्रयोगशाळेची आहे, आणि प्रयोगशाळा माझी आहे. आणि बंदरावरचं ते नव्या औषधांचं खोकं सुटेपर्यंत इथे कुणी काही जोडायचं नाही."

"आणि मुदत नाही दिली तर?"

 खोटा धीर द्यायची डॉक्टरबाईंना सवय नव्हती.

"नाही दिली तर तू खाली खिडकीत बसशील आणि रोज मला शिव्या देशील. मी येता-जाता ऐकून घेईन." त्यांनी इनासच्या कानामागची लाल कातडी पुन्हा एकदा पाहिली. "शिव्या द्यायलाही गळा उघडा लागतो, पोरी. तो तेवढा आपल्या दोघींचा उघडा राहिलाय."